बसप्पाची पारख

बैलबाजारात दलाली करता करता बसप्पाचे केस पांढरे झाले होते. त्यामुळे गावाच्या मदत पथकासाठी जुनी गाडी घ्यायचं निघालं, तेव्हा ती आपणच पारखणार हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. पावसाळ्यात ओढ्यापलीकडची वस्ती तुटायची, आणि त्याची लेक काव्या तिथंच नांदत होती. श्रावणात तिचे दिवस भरणार होते.

सरपंच रावजीला एक लांबलचक पांढरी एसयूव्ही आवडली होती. बसप्पाचा जीव जडला होता एका आखूड, पत्रा पिचकलेल्या जीपवर. "वढून दावल्याबिगर बैल घेत न्हाईत," असं म्हणून त्याने स्वतःच्याच काळ्या रानात विहिरीवरच्या मोटारीचं पाणी सोडून चिखल केला.

पांढरी घेऊन रावजी स्वतः उतरला, तोही कडक इस्त्रीत. पुढच्या चाकांना जोर देणारा धाकटा दांडा त्याने ओढलाच नाही. शेजारी उभ्या बसप्पाला ते दिसलं. पण तोंड कधी मिटून घ्यायचं, हे दलालाला का शिकवायला लागतं? गाडी पोटापर्यंत रुतली आणि सरपंच गुडघ्यापर्यंत. मग जीपने तिला ओढून काढलं, तेव्हा बसप्पा इतका खूश झाला की जीपला हळदीकुंकू लावायला त्याने बायकोला हाक मारली.

ईरम्मा ताट घेऊन आली. जीपच्या मागच्या भागात डोकावून म्हणाली, "आत आडवं व्हा की जरा."

"मी कशाला?"

"व्हा म्हणते न्हवं."

बसप्पा आडवा झाला. गुडघ्यापासून खाली त्याचे पाय बाहेर लोंबायला लागले.

"काव्याला अशीच न्यायची व्हय दवाखान्यात?"

लोक हसले. बसप्पा पाय आखडून उठून बसला. ताकद त्याने जोखली होती, पण आत कुणाला तरी आडवं घालून न्यायचं आहे हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बैलाला जोखताना असला प्रश्न कधी पडलाच नव्हता.

पाय धुणाऱ्या रावजीजवळ तो गेला. "पांढरीच घ्या, सरपंच. तिच्यात दम हाय. तुमी एकाच बैलावर नांगर धरला हुता, धाकटा दांडा वढलाच न्हाय."

"तुमाला कवा कळलं, अण्णा?"

"तवाच."

रावजीने वयाचा मान न ठेवता चारचौघांत त्याला झाडलं. बसप्पाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग दांडा ओढून पांढरी चिखलात घातली. मागं गादीवर ईरम्मा आडवी पडली होती, आणि गाडी तिला घेऊन सरळ पार झाली.

आता रावजी गावभर सांगत फिरतो, गाडी आपणच पारखली म्हणून. बसप्पा भेटला की त्यालाच साक्षीला धरतो. आणि जन्मात कधी आपलं श्रेय न सोडलेला बसप्पा, ओढ्यापलीकडं बघत, "व्हय" म्हणतो.