दिग्गीच्या झाडावरची मोहळं
मेण वितळल्याचा वास आला की मला दिग्गीच्या रानातला तो उंच बेहडा आठवतो. तेव्हा सुप्याला माझं मधाचं नवं दुकान होतं. मध गाळायची मी शोधलेली रीत बेळगावच्या पेठेत नावाजली गेली होती आणि मला जास्त माल हवा होता. मध काढणारा म्हातारा कुणबी माश्यांची पिलं असलेला भाग झाडालाच ठेवून मधापुरतंच कापत असे. मी त्याला बजावलं, “मामा, औंदा मोहळं अख्खी उतरवा, न्हाईतर मी दुसरा माणूस बघतो.” त्याने दोर खांद्यावर टाकला आणि रानाची वाट धरली. डबे काठोकाठ भरून आले, पण पुढे वर्षभर डबा उघडला की मला ती पिलंच आठवत. वैशाखात मी चालत दिग्गीला गेलो, झाड उजाड बघायची मनाची तयारी करूनच. पाचोळा उन्हाने तापला होता आणि वर फांद्यांना पूर्वीसारखीच काळी मोहळं घोंघावत होती. म्हातारा बुंध्याशी दोर वळत बसला होता. “मामा, ही परत आली?” “न यायला काय झालं, सावकार? म्या पिलं कापलीच न्हाईत.” “मग माझे डबे कशानं भरले?” “पलीकडच्या कड्यावर चढलो की, तिथल्या मोहळांचा बी मध आणला. गुडघा अजून बोंबलतोय. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी दुसरा माणूस धाडला असता, व्हय का न्हाई?” मी “व्हय” म्हणालो आणि तिथेच पाचोळ्यात बसलो, वर्षभराने छाती मोकळी झाली. आज तो नाही. किती डबे भरायचे ते त्याचा मुलगा झाड बघून ठरवतो. मी फक्त रिकामे डबे घेऊन जातो.