दोन खोकी पुस्तकं आणि मेडशीचं सोयाबीन

आमचे नाना निवृत्त मास्तर. गुडघ्यांनी दगा दिला तसे ते नाशिकला माझ्याकडे राहायला आले, ते चाळीस वर्षांची पुस्तकं घेऊनच. माझं घर दोन खोल्यांचं. शेवटी तेच म्हणाले, "देऊन टाक. पण वाचणाऱ्याच्या हातात जाऊ दे. रद्दीत गेली तर मी जेवणार नाही." नाना बोलतात ते करतात, म्हणून मी घाबरले.

एका मैत्रिणीनं वाशिम जिल्ह्यातल्या मेडशी गावचं वाचनालय सुचवलं. छपराचे पत्रे बदलायला तिथे देणगी गोळा करतायत, पुस्तकंही घेतात, एवढंच कळलं आणि मी पहिली दोन खोकी बांधली. नाशिकहून अकोल्याला रेल्वे आणि पुढे वाशिमकडे जाणारी एसटी. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, पण कंडक्टरनं खोक्यांचं लगेज माझ्या तिकिटाहून जास्त लावलं! पातूरनंतर घाट लागतो, खिडकीची जागा पकडा. घाट संपल्यावर रस्त्याच्या कडेला सोयाबीनची मळणी चालू होती आणि सगळी बस भुशानं शिंकत होती.

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली. ती सांभाळणारे इस्माईलभाई शेजारीच शिलाईचं दुकान चालवतात. गळ्यातल्या टेपसकट त्यांनी पहिलं खोकं उघडलं.

"ताई, हे तुमी वाचले काय?"

"नाही. नानांनी वाचलीत."

"मंग नानाले घेऊन या. आमी न वाचलेलं पुस्तक घेत नाई."

मला राग आला. एवढं ओझं वाहून आणलं आणि वर परीक्षा? त्यांनी आधी भाकर, ठेचा आणि तुरीचं वरण खाऊ घातलं, मग रीत सांगितली. सुगी झाली की देणाऱ्यानं वाचनालयाच्या ओट्यावर उभं राहून आपल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची, पण अर्धीच. "पुढचं आयकाचं असन तं लोक डबा डबा सोयाबीन टाकतेत. ते इकून पत्रे येतीन." त्या दिवशीचा कार्यक्रम चारला होता. रिकामी पोती मांडून ठेवलेली होती.

मी दोन्ही खोकी उपसली. ओळखीचं एकच पुस्तक निघालं, लहानपणी नाना वाचून दाखवायचे ते. चार वाजता ओट्यावर चढले. पूर आलेली नदी, नावेत तिघं, आणि नाव पेलणार फक्त दोघांना. नावाडी उठून उभा राहतो... इथे मी थांबले.

पहिल्या रांगेतल्या अंजनाबाईंनी डबाभर सोयाबीन पोत्यात ओतलं. मागून आणखी डबे आले. पोतं अर्धं झालं.

"हं, सांग. त्या तिसऱ्याचं काय झालं?"

माझे कान गरम झाले. "मावशी, मला माहीत नाही. मी दर वेळी इथंच झोपून जायचे."

"अवं माय! डबाभर सोयाबीन घेतलं, अन् आता म्हन्ते मालूम नाई!"

ओट्यापुढची सगळी माणसं हसली. इस्माईलभाई तर डोळे पुसत होते. अंजनाबाईंनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "आण इकडं. आता मीच वाचतो." रजिस्टरला त्यांचं नाव लागलं आणि पुस्तक पदराखाली गेलं.

बाकीची पुस्तकं खोक्यांसकट प्रेमानं परत मिळाली. "वाचून आना, ताई." जाणार असाल तर सुगीच्या दिवसांत जा, मुक्कामाला वाशिम गाठा, आणि कृपा करून पुस्तकं शेवटापर्यंत वाचून जा.

घरी पोचले तर नाना दारातच. खोकी परत आलेली बघून त्यांचा चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं, डबे, पोतं, अंजनाबाई.

"म्हणजे एक तरी गेलं," ते म्हणाले. "वाचणाऱ्याच्या हातात गेलं."

त्या रात्री ते पोटभर जेवले. मी खोक्यातलं पहिलं पुस्तक काढून त्यांच्याशेजारी बसले, पण काही केल्या लक्ष लागेना.

"नाना, त्या तिसऱ्याचं काय झालं हो?"

नानांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"सोयाबीन?"