नयनाच्या दोरीवरची पाकिटं

नयना शेवडे गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या तिच्या कामाच्या खोलीत हृदयविकाराच्या झटक्याने वारली. वय एक्कावन्न. मला तिच्या थोरल्या भावाचा, निवृत्त शिक्षक सुधाकररावांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तिचा मोबाइल टेबलावर वाजत होता. तिच्या एका क्लायंटचा मेसेज होता, "दीदी, फाइल?" सुधाकररावांनी त्याला बातमी कळवली. उत्तरात आधी जोडलेले हात आले, मग "ॐ शांति", आणि त्याखाली, "ओपन फाइल अब किससे मिलेगी?"

नयना आणि मी इंदूरच्याच एका वर्तमानपत्रात बरोबर होतो. मी बातम्या लिहायचो, ती पानं लावायची. पानं बाहेरगावी लागू लागली तशी तिने नोकरी सोडली आणि घरच्याच एका खोलीत डिझाइनचं काम सुरू केलं. नमकीनची पाकिटं, बियाण्याच्या पिशव्या, दुकानांचे बोर्ड. अक्षरं ती हाताने काढायची, मग कॉम्प्युटरवर घ्यायची. खिडकीत तिने एक दोरी बांधली होती. नवीन पाकिटाचा नमुना बाजारातल्या चार पाकिटांच्या मध्ये चिमट्याने टांगायचा आणि क्लायंटला रस्त्याच्या पलीकडे उभं करायचं. "दुकानात गिऱ्हाईक इतक्या लांबूनच बघतं ना? मग तुम्ही पण तिथूनच बघा," असं ती सांगायची. जे रस्ता ओलांडायचे ते तिचे चांगले क्लायंट. बाकीचे खोलीतच बसून मोबाइलमध्ये फोटो बघायचे.

देपालपूरचे बियाण्याचे व्यापारी चौधरीजी पहिल्या दिवशीच रस्ता ओलांडून गेले. भर उन्हात बराच वेळ उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, "बाईजी, नाम तो दिख रहा है, पर गेहूँ है कि सोयाबीन, ये पास आके ही समझा।" नयनाने त्यांच्यासमोरच तो नमुना फाडला. पुढची कित्येक वर्षं त्यांचं काम तिच्याकडेच होतं.

मेसेज करणारा क्लायंट दुसऱ्या तऱ्हेचा. त्याचं ऑफिस पलासियाला, धंदा नमकीनचा. नयना त्याला भियाजी म्हणायची. नाव मीही लिहीत नाही. त्याने रस्ता कधीच ओलांडला नाही. शेवेच्या पाकिटासाठी तिने काढलेली अक्षरं त्याला अरुंद वाटत होती. ती रुंद करायची तर पुन्हा नव्याने काढावी लागतील, असं ती सांगत होती. त्याला ती नुसती ताणून हवी होती.

"दीदी, बस थोड़ा सा चौड़ा कर दो। दो मिनट का काम है।"

"भियाजी, अक्षर हैं, पोहे नहीं। पानी डालने से नहीं फूलेंगे।"

मी समोर होतो. तो हसला आणि ओपन फाइल मागू लागला. ओपन फाइल म्हणजे कुणीही उघडावी आणि तिच्यातलं अक्षर वाटेल तसं खेचावं. नयना फक्त छपाईची फाइल द्यायची, आणि हे काम घेतानाच सांगायची. भियाजीने तेव्हा मान डोलावली होती. नंतर मात्र तो रोज मागत राहिला... सकाळी, जेवताना, ती आईच्या वर्षश्राद्धाला बसली होती तेव्हासुद्धा. "मी मेले तरी त्याला ती मिळायची नाही," असं ती मला एकदा म्हणाली. सुधाकररावांना तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

शेवड्यांच्या घरात एक रीत आहे. गेलेल्या माणसाकडे कुणाची वस्तू राहू द्यायची नाही, तेराव्याच्या आत ती ज्याची त्याला पोचवायची. सुधाकररावांनी शेजारणीचं पातेलं परत केलं, वाचनालयाची पुस्तकं परत केली. चौथ्या दिवशी भियाजीचा माणूस दारात आला. "हमारी अमानत है दीदी के पास," तो म्हणाला. सुधाकररावांनी त्याला आत नेलं, पाणी दिलं आणि कॉम्प्युटर उघडून दिला. त्याने फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि जाताना दोरीवरचा शेवेच्या पाकिटाचा नमुनाही काढून नेला.

"त्याचं होतं, त्याला दिलं. तिच्या डोक्यावर कशाला ठेवायचं?" सुधाकरराव मला म्हणाले. मी त्यांना ओपन फाइल म्हणजे काय ते सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पण तो तर हात जोडून उभा होता." राग त्यांच्यावर काढता येत नव्हता. ज्याच्यावर काढायचा त्याला मी फोन केला. "भाईसाहब, दीदी तो घर जैसी थीं," तो म्हणाला, आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. नंतरचे माझे फोन त्याने उचलले नाहीत.

तेराव्याला चौधरीजी आले. सुधाकररावांनी त्यांच्यापुढे नयनाने हाताने काढलेली पिशव्यांची सगळी चित्रं ठेवली, ही तुमची, घेऊन जा म्हणाले. चौधरीजींनी ती हातात घेतली, एकेक पाहिली आणि परत दिली. "ये उनकी हैं, मास्टरजी. हमारे पास थैली है ना." निघताना ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन थोडा वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

गेल्या रविवारी भियाजीचं नवं पाकीट परदेशीपुऱ्यातल्या दुकानांत आलं. मी एक विकत घेतलं. अक्षरं नयनाचीच आहेत, आडवी ताणलेली. नयनाच्या खिडकीत दोरी अजून आहे. तिच्यावर चार पाकिटं आहेत, आणि त्यांच्या मधला चिमटा रिकामा आहे.