मे महिन्यात घरी बसलेला पायलट

लासलगावला कांद्याच्या लिलावात अर्धं आयुष्य उभं राहून काढलेल्या माणसाचा कशावरच विश्वास बसत नाही. ट्रॉलीतला वरचा थर असा गोल, लाल, एकसारखा, की फोटो काढून देवघरात लावावा. आणि खाली हात घातला की नुसती गोल्टी, बारका माल. मी लग्नपत्रिकासुद्धा शेवटच्या ओळीपासून वाचायला घेतो. म्हणूनच ताईने भाचीच्या स्थळाची चौकशी माझ्यावर सोपवली.

मुलगा नाशिकच्या इंदिरानगरचा, विमानात को-पायलट. देखणा, पगार भरपूर, घरचे साधे. वरचा थर नंबर एक. पण बघण्याचा कार्यक्रम उरकून बरेच दिवस झाले तरी तो घरीच. तेही ऐन मे महिन्यात. अख्खा देश सुट्टीला निघालेला, विमानात उभ्याने जायलाही माणसं तयार, आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी पिशवी घेऊन भाजी आणायला.

"अरे, पायलट मे महिन्यात भाजी आणतो होय?" ताई फोनवर म्हणाली. "पोरगी हो म्हणून बसलीये. तू बघून ये. तुझं समाधान झालं तर होकार, नाहीतर मी आजच नाही कळवते."

म्हणजे एका पोरीचा संसार माझ्या नाकावर आला. मी उन्हाळ कांद्याची गोणी डिकीत टाकली आणि भेट द्यायच्या निमित्ताने त्यांच्या दारात हजर झालो.

मुलाचे वडील रिटायर क्लार्क. "रजेवर आहे तो," म्हणाले आणि पंख्याकडे बघत बसले. आई चहा टाकायला आत गेली, माझ्या हातात चहाचा कप असताना. माझ्या डोक्यात घंटा वाजायला लागल्या. काळारामाच्या देवळातही एवढ्या नसतील.

मुलगा बिस्किटं घेऊन आला. मी म्हटलं, "मारी नको, ग्लुकोज आण. आणि पाणी माठातलं." तो म्हणाला, "मारी नको, ग्लुकोज. पाणी माठातलं." मगच हलला. जे सांगावं ते आधी परत म्हणून दाखवायचा. मला वाटलं, कानाने कमी असणार. गॅलरीत उभं राहून हळूच विचारलं, तर ऐकू आलं. डोळे तपासावे म्हणून रस्त्यापलीकडच्या रिक्षाचा नंबर वाचायला लावला. त्याने वाचला, वर म्हणाला, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. मग राहिली बाटली. म्हटलं, चल, गंगापूर रोडला वाईन चाखू. "नको मामा, मी घेत नाही." नाशिकचा पोरगा, नोकरी विमानात, आणि घेत नाही. माझा संशय हत्तीएवढा झाला. मनात सोन्याच्या तस्करीपर्यंत पोचलो होतो.

"बरं, मिसळ तरी खाशील?" म्हणून त्याला गाडीत घातलं. माणूस गाडीत बोलतो, हा माझा अनुभव. पण हा बोलेना, म्हणून मीच सुरू केलं. कसारा घाटात माझ्या कांद्याच्या ट्रकचे ब्रेक गेले आणि मी धावत पुढे जाऊन चाकाखाली गोण्या टाकून तो कसा थांबवला, ती हकीकत. दरवेळी घाट थोडा उंच होतो, त्याला माझा इलाज नाही. ट्रक दरीच्या काठावर आणला, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून गोणी कशी उचलली ते दाखवलं, तेवढ्यात तो म्हणाला,

"मामा, गोष्ट थांबवा. पुढे ट्रॉली आहे. ब्रेक."

आवाज चढला नव्हता, पण तो माझ्या भाचीला बघायला आलेल्या मुलाचा नव्हता. माझा पाय आपोआप दाबला गेला. विटांनी भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. आमचं बॉनेट विटांचा मुका घेऊन थांबलं म्हणा.

गाडी कडेला घेतली. जीव वाचला हे खरं, पण राग आला हेही खरं. आजवर माझी गोष्ट मध्येच कोणी तोडलेली नाही.

"सॉरी मामा," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी थांबवलं नव्हतं."

मग खालचा थर वर आला. विमान मुंबईत उतरत होतं. "तिथलं आकाश म्हणजे गाड्यांनी तुंबलेलं आपलं द्वारका सर्कल," तो म्हणाला, "फक्त एकावर एक मजले केलेलं. ज्याला जो मजला सांगितला, त्याने तिथेच राहायचं." खालून कंट्रोलवाल्यांनी सांगितलं, आठ हजार फुटांवर या. त्याने रेडिओवर ते परत म्हणून दाखवलं. कॅप्टन वडिलांच्या वयाचे, आणि तेव्हा कसलीशी गोष्ट सांगत होते. बोलता बोलता त्यांनी बटण फिरवलं आणि सात हजार लावलं.

"तुला दिसलं?"

"दिसलं. मी त्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणून दाखवायचा असतो, तोच नियम आहे. पण गोष्ट रंगात आली होती. म्हटलं, संपली की सांगू. मोठ्या माणसाला मध्येच कसं तोडायचं."

विमान आठच्या खाली गेलं. खालच्या मजल्यावर दुसरं विमान होतं. आत यंत्र ओरडायला लागलं, वर चढा म्हणून, चढले, वाचले. मागे बसलेल्यांना पत्ताही लागला नाही. उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, आपण वाऱ्याचा झटका होता असं सांगू. याने जसं घडलं तसं कळवलं. आता चौकशी संपेपर्यंत दोघंही घरी.

माझा हात अजून गोणीच्या तळाशीच होता. विचारलं, "पण तू नसतं सांगितलंस तरी यंत्रातून कळलंच असतं ना?"

"कळलंच असतं," तो म्हणाला. पुढे आपल्या बाजूने एक शब्द जोडला नाही.

संध्याकाळी ताईकडे गेलो. भाची चहा गाळत होती. सगळं सांगितलं, विटांची ट्रॉली मात्र वगळली, कारण ताईला माझ्या ड्रायव्हिंगचं टेन्शन आधीच फार. ताई म्हणाली, "मग चौकशीचा निकाल लागू दे. नोकरी राहिली तर बघू."

"निकाल लागल्यावर कोणीही हो म्हणेल, आई," भाची म्हणाली. "आता म्हणायचं असेल तर म्हणा." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "मामा, विटांना मुका दिलात ते सांगा की आईला."

ताईने माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे. लेक गाळणी धुवायला लागली, ती स्वच्छ असताना. म्हणजे मी मिसळीचं बिल देत होतो तेव्हाच इकडे बातमी पोचली होती. आणि विमानाची तर कधीचीच पोचली असणार. मी चौकशीला गेलो होतो, की भाचीनेच मला पाठवलं होतं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

"सगळं माहीत असूनही हो म्हणतेस?" ताईने विचारलं.

"माहीत आहे म्हणूनच."

ताई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "लाव फोन. हो म्हणून सांग. आणि ट्रॉलीसाठी तुझ्याकडे मी नंतर बघते."

मी लावला. मुलाच्या वडिलांनी तो पुरता वाजूसुद्धा दिला नाही. एवढ्या लवकर फोन उचलणारी माणसं मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतात.