बाजारामागच्या गल्लीतली जनाक्का

हॉलंडहून आलेल्या योहानाची उस्मानाबादच्या गल्लीनं आठवड्याभरात जनाक्का करून टाकली. दुष्काळी कामांवरच्या बायका-पोरांना सुकडी, म्हणजे पिठागुळाचा पौष्टिक खाऊ, वाटणाऱ्या एका संस्थेत ती नर्स होती. संस्थेनं गावाबाहेरच्या बंगल्यात खोली दिली होती, पण तिथं राहून मराठी येईना, म्हणून ती बाजारामागं शांताक्कांच्या माडीवर भाड्यानं राहायला आली. शांताक्का विधवा, लिंगायत. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. त्यांनी तिला भाकरी थापायला शिकवलं, पदर घ्यायला शिकवलं, आणि ती चुकली की “अय्यो, हे काय गं!” म्हणून कपाळाला हात लावला.

गल्लीला तिचं मोठं कौतुक. पण त्र्याहत्तरचा उन्हाळा चढला तसं ते कौतुक आटत गेलं. गल्लीच्या आडाचा तळ दिसू लागला. मोठ्या घरचे हिंमतराव आडाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. घरटी पाणी ठरलं, तेव्हा ही परदेशी बाई कुठल्या घरची धरायची, असा सवाल निघाला. शांताक्कांच्या वाट्यातच तिचं भागवा, हिंमतराव म्हणाले. जिच्या माहेरी कालव्याचं पाणी उंबऱ्याजवळून वाहायचं, तिला आता एक तांब्या सांडला तरी रडू फुटायचं.

वैशाखातल्या एका दुपारी भिमाबाई धापा टाकत आली. संस्थेच्या केंद्रावर ती जनाक्काबरोबर सुकडी शिजवायची. राहायला पलीकडच्या बौद्ध वस्तीत. कडेवरची तान्ही लेक हगवणीनं सुकून गेली होती. डोळे खोल, मान लुळी, रडणंही बंद. जनाक्कानं दोघींना माडीवर घेतलं. मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, तर मडक्यात नुसता गाळ. तिनं घागर उचलली तशी भिमाबाईनं तिचा हात धरला.

“नगं, जनाक्का. माझ्यापायी आडावर भांडू नगा. तुमी उद्या तुमच्या मुलखाला जाताल. आमाला इथंच ऱ्हायाचंय.”

जनाक्का थबकली. बाई खोटं बोलत नव्हती. पण पोरीची टाळू पार आत गेली होती. ती हात सोडवून जिना उतरलीच.

आडावर हिंमतरावांनी दोरावर पाय ठेवला. “तुमच्या घरचा वाटा सकाळीच झाला.”

“लेकरू मरतंय.”

“कुणाचं?”

भिमाबाईला माडी चढताना सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. दारोदारी बायका उभ्या होत्या. तिनं दोर ओढला. पाय हलला नाही. एवढ्या मेहनतीनं शिकलेली मराठी त्या घडीला पार पळाली आणि ती आपल्याच भाषेत काहीबाही ओरडली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“जना, वर चल.”

शांताक्का दारात उभ्या होत्या. हातात देवघरातली झाकलेली कळशी, पूजेसाठी वेगळी राखलेली.

“अक्का, त्या बाईला घरात घेतलं तुमी?” हिंमतराव गरजले.

“घेतलं. घर माझं हाय.”

दुपारभर चमच्या-चमच्यानं पाणी चाललं. पोर दोनदा ओकली, पुन्हा पाजलं. शांताक्का आधी उंबऱ्याबाहेरच बसून होत्या. भिमाबाईचे हात भरून आले, तेव्हा उठून आत आल्या आणि पोर आपल्या मांडीवर घेतली. ऊन कलताना पोर मुतली, त्यांचं लुगडं ओलं झालं.

“भिजवलं गं बाई मला!” शांताक्का म्हणाल्या, आणि इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेली भिमाबाई हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी शांताक्कांचा वाटा बंद झाला. परदेशी बाईला काढा, मग पाणी न्या, असा हिंमतरावांचा निरोप आला. जनाक्कानं ट्रंक भरली.

“कुठं निघालीस?”

“माझ्यामुळं तुमचं पाणी तुटलं.”

“ट्रंक खाली ठेव. तू गेलीस तर लोक म्हणतील, शांताक्का भ्याली.”

भिमाबाईच्या वस्तीत टँकर यायचा. भिमाबाईनं आपल्यापुढं रांगेत जनाक्काला जागा दिली. तिथंही दोघी-तिघी कुरकुरल्या, आमचंच भागंना म्हणून. पण घागर भरली. ती घागर शांताक्कांच्या घरात आली खरी, शांताक्कांनी मात्र दिवसभर घागरीकडं पाहिलं नाही. ओठ फुटले तरी त्यातला घोट घेतला नाही. जनाक्काची आग्रह करायची छाती होईना. आपण यांना कुठं आणून सोडलं, असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या सकाळी शांताक्कांनी त्याच पाण्यानं लिंगपूजा केली, फुलपात्र भरून घटाघटा प्याल्या आणि म्हणाल्या, “चूल पेटव. भाकऱ्या करू.”

पुढं पाऊसपाणी झालं, पाण्याच्या वाट्यांची भांडणं मिटली. हिंमतराव मात्र शांताक्कांच्या दाराला पुन्हा कधी आले नाहीत. जनाक्का त्याच माडीवर राहिली, शांताक्का गेल्या तोवर आणि नंतरही काही वर्षं. हिंमतरावांच्या सुना दुखणीखुपणी घेऊन तिच्याकडं मागच्या दारानं येत. ती औषध देई, लेकरांची चौकशी करी. पण समोरच्या आडाचं पाणी तिनं पुन्हा कधी शेंदलं नाही.