रंगाला भाषा लागत नाही

चहा येईपर्यंत ऐका. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे शिकायचं असेल तर माझ्यासारखा गुरू तुम्हाला मिळायचा नाही!

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट. आमच्या चांदा जिल्ह्यात जंगल राखायला निघालेला आमचा एक चिमुकला पक्ष होता. म्हणणं एकच, ठेकेदारांची तोड थांबवा. उमेदवार वासुदेवभाऊ, लोकांसाठी खस्ता खाल्लेला माणूस. समोर सागवानाचा बडा ठेकेदार. तो निवडून आला तर जंगल गेलंच समजा!

आणि प्रचारप्रमुख कोण? अस्मादिक!

तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर त्याचं चिन्ह. आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा, झालं. आमचं चिन्ह होतं झाड.

पण जंगलातल्या लोकांना नुसतं 'झाड' चालतं होय? गोंडी गावात म्हणाले, "हे मोहाचं नाई. पानं पाहा नं!" सिरोंच्याकडे तेलुगू मंडळींनी ते चिंचेचं ठरवलं. इकडचे मराठी म्हातारे तर म्हणाले, "कशाचंच नाई भाऊ. काढणाऱ्यानं झाडच पाह्यलं नाई!" सभा संपायची, वाद संपायचा नाही.

त्यातच तहसील कचेरीत नमुन्याची पेटी पाहिली. हिरवीगार! आमचा झेंडा हिरवा, म्हणजे ही पेटी आमचीच, दुसरी कोणाची असणार? मी चिन्हाची चित्रं गुंडाळून ठेवली. गावोगाव हिरवं फडकं फडकवायचं आणि सांगायचं, कागद हिरव्या पेटीत टाका.

भाऊ म्हणाले, "अरे, चिन्ह सांग नं! काऊन रंगाच्या मागं लागून राह्यला?"

"रंगाले भाषा लागत नाई, भाऊ! तुमी फक्त मिरवणुकीचं पाहा."

मतदानाच्या दिवशी गावातली म्हातारी मैनाबाई केंद्रातून हसत बाहेर आली. "हिरव्यातच टाकलं रे बाबू!" तिच्यामागून अख्खं गाव तेच सांगत होतं. मी तर हवेतच!

मग ऐटीत मीही मत द्यायला आत गेलो. पाहतो तर काय, पेट्यांची रांग, आणि एकजात सगळ्या हिरव्या! दारातून शिरताच पहिली कोणाची? ठेकेदाराची!

धावतच बाहेर आलो. "मैनाबाई, झाडाच्या पेटीत टाकाचं होतं वो!"

"मंग तसं सांगाचं नं! तू तं झाडाचं नावच काढू देत नव्हता."

ठेकेदार दणक्यात निवडून आला. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण भाऊ स्वतःच माझ्या घरी आले. चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "जाऊ दे. निदान तुयं मत तं मले पडलं नं?"

आता काय सांगू त्यांना? त्या पेट्या पाहून असा हादरलो होतो, की बाहेर धावायच्या घाईत हातातला कागद समोरच्या पहिल्याच हिरव्या पेटीत टाकून आलो होतो!