निंबोल्याच्या भाऊंच्या पाठीचं पाणी

विसरभोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साचतात. पेशंट घरी जाईपर्यंत विसरतात, डॉक्टरांना वेळ नसतो; उरते मी, बुधवारा पेठेतल्या मेंदूच्या दवाखान्याची सिस्टर!

*

निंबोल्याचे नामदेवभाऊ केळीवाले. विसरायला लागले, चालही अडखळायला लागली. डॉक्टर त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना म्हणाले, "मेंदूत पाणी साचलं असेल तर ऑपरेशननं फरक पडेल. अल्झायमर असेल तर नाही. मेंदूतलंच पाणी पाठीच्या कण्यात उतरतं, ते सुईनं काढून तपासलं की अंदाज येईल."

बाईंना एकच काळजी. "काढलेलं पानी परत कोन भरीन?"

"शरीरच तयार करतं," मी म्हटलं. टेस्टच्या दिवशी बाई नारळांची गोणी घेऊन हजर!

*

सुई टोचताना गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपायचं असतं. मी सांगायचे, भाऊ विसरायचे. शेवटी कमलाबाई शेजारच्या पलंगावर स्वतःच तशा आडव्या झाल्या. "माह्याकडे पाहा. असं!"

भाऊ बघून बघून तसेच झोपले. डॉक्टर आत आले आणि दारातच थांबले. "यातला पेशंट कोण?"

*

पाण्याची नळी बर्फाच्या डब्यात घालून इंदूरच्या लॅबला पाठवायची होती. भाऊंचा मुलगा गणेश म्हणाला, मीच नेतो. संध्याकाळी लॅबचा फोन आला, "डब्यात बर्फच नाही!"

गणेशला विचारलं, तर तो खूश. "सिस्टर, थंडीनं केळीचा माल काळा पडते ना! बर्फ फेकला, नळी केळीच्या पानात गुंडाळली. एकदम सेफ!"

सॅम्पल वाया गेलं. भाऊंना पुन्हा सुई. डॉक्टर भडकले, मी पाठ फिरवून हसून घेतलं.

*

दुसऱ्या वेळी बर्फ टिकला, रिपोर्टही आला. पाण्यातली दोन प्रथिनं मोजतात. अमायलॉइड कमी होतं, टाऊ जास्त होतं. म्हणजे अल्झायमर.

"मंग ऑपरेशन?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मला फार वाईट वाटलं.

*

बाहेर बाकावर भाऊ केळं सोलत बसले होते. कमलाबाई डोळे पुसत शेजारी जाऊन बसल्या. भाऊंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"बाई, तुमचं कोन आजारी हाये?"

बाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "आमचे मालक."

"बरे होतीन का?"

"नाही म्हने डॉक्टर."

भाऊंनी केळं मोडलं आणि मोठा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. "खाऊन घ्या. त्याहीच्यापाशी बसाले जोर लागीन."